वन्संना किडनी द्यायची तर

ती. ताईस,

तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांसकट तुला नमस्कार. भावजींचा खोकला थांबला का? नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

वन्संच्या दोन्ही किडन्या (त्या त्यांना 'मेल्या कामचुकार' म्हणतात) कामातून गेल्या हे तुला ठाऊकच आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, शिवणाचं दुकान बंद, आणि चेहरा असा ओढलेला की भांडायलाही मजा येत नाही. ह्यांनी मोठ्या उत्साहाने किडनी देऊ केली, तर तपासणीत ह्यांनाच साखर निघाली. मग मी तपासून घेतलं. माझं सगळं जुळलं. पडद्याच्या रंगावरूनसुद्धा आमचं दोघींचं कधी जुळलं नाही, पण आतून जुळलं म्हणे. मी 'देते' म्हटलं. वाटलं, झालं काम. अगं, कसलं झालं! खरं दुखणं तिथून पुढे सुरू झालं.

कायद्याने जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आईवडील, मुलंबाळं, भावंडं. भावजय त्यात बसत नाही. (वन्संचं आजारपण काढताना मला कोणी विचारलं नव्हतं, बाई तू जवळची की लांबची.) म्हणून परवानगी देणाऱ्या सरकारी समितीपुढे जायचं आणि सिद्ध करायचं की मी किडनी विकत नाही, माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही आणि हे सगळं मी निव्वळ आपुलकीपोटी करते आहे. पहिली दोन कलमं ठीक. पण आपुलकी? दोघींचे एकत्र फोटो आणा म्हणाले. घर पालथं घातलं तेव्हा तीन सापडले. एकात वन्संची पाठ आहे, दुसऱ्यात माझे डोळे मिटलेले, आणि तिसऱ्यात आमच्या मधोमध हे उभे आहेत, दोन्ही हात पसरून.

"इथे तुम्ही भांडताय का?" समितीतल्या बाईंनी विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं, "हा भांडण झाल्यानंतरचा."

त्यांनी मला एकटीला शेजारच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि इतक्या मायेने विचारलं, "सासरच्यांचा दबाव आहे का?" की मलाच वाटायला लागलं, असावा बहुतेक. शेवटी म्हणाल्या, पुढच्या वेळी दोघी मिळून या.

बाहेर थांबलेल्या वन्संना घेऊन वैतागून फाटकाबाहेर आले, तर एक गुळगुळीत गृहस्थ छत्री धरून आमच्याबरोबर चालू लागला. ह्या भानगडीत कशाला पडता म्हणे, थोडा खर्च करा, कागदोपत्री तुम्हाला सख्ख्या बहिणी करून देतो. (कायद्याला पुरावा हवा, चोराला नुसते पैसे. दोघांत हाच काय तो फरक.) मी काही बोलायच्या आत वन्संनी पर्स उगारली. डायलिसिसने थकलेली बाई, पण आवाज तोच! "मेल्या, हिला माझी सख्खी बहीण करतोस?" भोवती गर्दी जमली, त्याला पळताही येईना. रखवालदार धावत आला, मग पोलीस, मग आमचे जबाब. अख्खी संध्याकाळ चौकीच्या बाकावर गेली. वन्संचा राग तो दलाल असल्याबद्दल कमी आणि बहिणीबद्दल जास्त होता, हे मी जबाबात घातलं नाही.

पुन्हा समिती. अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे सर्जन, गेल्या खेपेला तोंड न उघडलेले. त्यांनी वन्संना विचारलं, हिची किडनी तुम्ही का मागितलीत?

"मी कशाला मागू?" वन्सं कडाडल्या. "मी तर नको म्हणतेय! दोन लेकरं आहेत हिला, नवऱ्याची ही तऱ्हा. उद्या हिला काही झालं तर? पण ऐकेल तर शपथ. लग्न होऊन आली तेव्हापासून माझं एक म्हणून ऐकलेलं नाही हिने!"

"कारण तुम्ही एक धड सांगितलेलं नाही," मी म्हटलं. राहवलंच नाही गं.

मग आमची जुंपली. समितीसमोर, पंख्याखाली, चांगली तारस्वरात. वन्संच्या बोलण्यात पडद्यांचा रंगसुद्धा येऊन गेला. अध्यक्षांनी टेबलावर चष्मा ठेवला आणि बाईंना म्हणाले, "या बाईवर दबाव टाकायला माणूस मिळायचा नाही. द्या परवानगी."

तर अशी आपुलकी सिद्ध झाली. बाहेर आल्यावर वन्सं जिन्यात थांबल्या. दम लागला म्हणाल्या. माझा हात मात्र गाडीपर्यंत सोडला नाही. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी

ता. क. ऑपरेशन येत्या सोमवारी आहे. एवढं लिहिलं आणि नेमकं तेच राहिलं.

ता. क. दुसरा. ताई, मला फार भीती वाटते गं. आंघोळ करताना बरगडीखाली हात ठेवून उगाच उभी राहते. ह्यांना सांगावं तर हे रडतील. वन्संना कळलं तर त्या ऑपरेशनच होऊ देणार नाहीत, त्या निमित्तच शोधतायत. तू ये. काही करू नकोस, मला आत नेतील तेव्हा दारापर्यंत नुसती बरोबर चाल. आणि वन्संनी विचारलं तर म्हण, सहज आले.