अडलं की पहिल्यापासून

तीर्थरूप बाबा,
तुमच्या वैष्णवीचा मेघालयातून नमस्कार.

मी मजेत आहो. थंडी लय आहे, पण आईची गोधडी पुरते. ख्रिस्ती शाळेत तुले कोणी काही म्हणत तर नाही ना, असं तुम्ही विचारलं. नाही बाबा. त्यांच्या प्रार्थनेले मीही हात जोडून उभी राहते.

इथं शिकवायची रीत जुनी आहे. आधी पाठांतर, समजणं मागाहून. मी शिकवते ती दुसरीतली लेकरं बायबलची वचनं, लॅटिन शब्द, पाढे, सारं एका सुरात म्हणतात. मले आपल्या ओसरीवरचा परवचा आठवते. दिवा लागला की तुम्ही मले अन् रजतले पाढे म्हणायले बसवत होते.

रजत फोनवर सांगत होता, तुम्ही आता एकोणतिसाच्या पाढ्यात मधातच अडता अन् उठून जाता. डॉक्टरले दाखवलं काय? गोळ्या घेता ना?

माझ्या वर्गात लेकरू अडलं की कोणी हसत नाही, पुढचा शब्दही सांगत नाही. सारा वर्ग त्याच्यासोबत पहिल्यापासून म्हणते.

पत्र भेटलं की रजतले कळवायले सांगा, मग रोज सांजच्याले मी फोन करीन. दिवा लावून ओसरीवर बसा. अडलं तर उठू नका, बाबा. आपण दोघं पुन्हा एकापासून म्हणू.

तुमची,
वैष्णवी