जेवायचा हात, धुवायचा हात

आबा, तुम्हाला विमान उडवता येत नव्हतं. पाडता मात्र फार छान येत होतं. हे मी आज सांगते, कारण आज तुम्ही खाकरून मला गप्प बसवू शकत नाही. समोर नात वही घेऊन बसली आहे. मी बोलते ते घरच्या बोलीत, ती लिहिते ते शाळेतल्या मराठीत, आणि या दोहोंच्या मध्ये माझ्या निम्म्या शिव्या गळून पडत असणार असा मला संशय आहे. पण मला वाचता येत नाही, तेव्हा तिच्यावर भरवसा ठेवणं आलं. वाचता का येत नाही, ते याच पत्रात येईल.

लढाईच्या काळात तुम्ही तीन वर्षं कुठल्याशा विमानतळावर मिस्त्रीच्या हाताखाली होतात. माय म्हणायची, तिथं तुम्ही पाने-पकडी पुसायचात. पण तापीकाठी परत आलात ते असे, की जणू स्टेशनावरून बैलगाडीनं नाही, स्वतः विमान हाकत केळीच्या बागेत उतरलात. लढाई संपून वीस वर्षं झाली तरी तुमच्या टोपीतून ते विमानतळ काही उतरलं नाही. आणि मग मी दहा-अकरा वर्षांची असताना तुमच्या त्या वेळच्या दोस्तानं, जहाजावर वायरलेस सांभाळायचा तो, सुरतेहून एक खोकं पाठवलं. त्यात मुठीएवढं इंजिन, लांब काडीची पत्र्याची पेटी आणि एक इंग्रजी पुस्तिका. पेटीवर खटके. डावा दाबला की आभाळातलं विमान डावीकडे वळतं, उजवा दाबला की उजवीकडे, मध्ये दोरी नाही, तार नाही. विमान मात्र ज्याचं त्यानं बांधायचं. सहा फूट पंखांचं ते धूड तुम्ही ओसरीतच बांधायला घेतलंत, आणि पूर्ण झाल्यावर कळलं की ते दारातून बाहेर निघत नाही. तिरकं करून, उभं करून, शेवटी माय म्हणाली, "आते भित पाडा नि काढा." पंख सुटे करायचे असतात हे पुस्तिकेत पहिल्याच चित्रात होतं. मला ते चित्रावरून दिसलं होतं. तुम्ही खालचं वाचत बसला होतात.

इंजिनाला स्पिरिट आणि एरंडेल लागायचं. ते सुरू झालं की सगळ्या रानात जळक्या एरंडेलाचा वास सुटायचा. माय बाटली धान्याच्या कोठीमागे लपवायची आणि ओरडायची, "आठे पोरंसले पाजाले एरंडेल नही, नि तुम्ही लोखंडले पाजी ऱ्हायनात!" तुम्ही हसायचात. तुम्हाला वाटायचं ती तुमचं कौतुक करते आहे.

पहिल्यांदा विमान आपल्याच केळीत पडलं. केळीचा चीक लागून पंखावर जो काळा डाग पडला तो कधी निघाला नाही. दुसऱ्यांदा कडब्याच्या गंजीत नाकापर्यंत घुसलं. तिसऱ्यांदा शेजाऱ्याच्या गाडीवर असं झेपावलं की बैल गाडीसकट नदीकडे पळाले, आणि गाडीत बसलेली त्याची म्हातारी मरेपर्यंत तुमच्याशी बोलली नाही. दर वेळी तुमच्याकडे कारण तयार. वारा फिरला. पेटीतली बॅटरी उतरली. सुरतवाल्यानं फसवलं. एकदा तर म्हणालात, हवेत खड्डा होता. आबा, आपल्या गावापासून सडकेपर्यंत गुडघा गुडघा खड्डे होते, त्यांत तुम्ही कधी पडला नाहीत. हवेतला तेवढा तुम्हाला नेमका सापडला.

तुम्ही पाडायचं आणि मी जोडायचं, अशी वाटणी आपोआप झाली. खापर गावच्या बाजारातून आणलेल्या बांबूच्या कामट्या चिरून मी पंखाच्या फासळ्या करायची. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, चुलीवर शिजवलेला सरस, वरून रेशमी कापड ओलं करून ताणायचं आणि त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे लाखेचे, हात द्यायचे. कापड ढोलकीसारखं वाजलं पाहिजे. तुम्ही आधी त्याला भाताची कांजी लावली होती, आठवतं? वर गेल्यावर पंख पापडासारखा फुगला. सरसाच्या वासानं घरात भाकरी गोड लागेना, माझी बोटं एकमेकांना चिकटायची. पण पंख उजेडाकडे धरून त्यात पीळ आहे का ते बघणं, दोन बोटांवर विमान तोलून नाक किंचित झुकतं का ते पाहणं, हे मला कुणी न सांगता यायला लागलं. तुम्ही खाटेवर बसून गावकऱ्यांना सांगायचात, "मी रिपेरी करी ऱ्हायनू." मी आत सरस ढवळत असायची.

मग एक दिवस मी तुमची चूक पकडली. विमान लांब जाताना तुम्ही ठीक हाकायचात. परत येताना पाडायचात. दर वेळी परत येतानाच. मी जात्यावर मायसमोर बसले होते आणि एकदम लक्षात आलं. जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या की माझी उजवी बाजू ती मायची डावी. हे बायकांना शिकवावं लागत नाही. पण तुम्ही जन्मभर बैलांच्या मागे चालत आलात. बैल कधी तुमच्याकडे तोंड करून नांगर ओढत नाही. त्याचं उजवं तेच तुमचं उजवं. विमान तोंड फिरवून समोरून यायला लागलं की तुम्ही ते बैलासारखंच हाकायचात, आणि ते बिचारं कलंडायचं.

मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तुले काय समजस व? बैल मन्हा बापनी हाकलात, मी हाकलात. माले डावं-उजवं तू शिकाडशी?"

"मग सोता पाडत बठा," मी म्हटलं, आणि पाठीत एक धपाटा खाल्ला. चौथ्यांदा विमान पडलं तेव्हा मात्र तुम्ही मला मागे उभं केलंत. "सांग," म्हणालात, दुसरीकडे बघत. मी सोपं करून सांगितलं. समोरून येताना जो पंख खाली झुकला, त्याच बाजूचा खटका दाबायचा, पडक्या छपराला खालून टेकू लावतात तसा. आणि डावं-उजवं म्हणण्यापेक्षा मी आपल्या घरातलेच शब्द ओरडायची. उजवा तो जेवायचा हात, डावा तो धुवायचा. "जेवना! जेवना! आते धुवना!" विमान उतरलं. बैल थांबावेत तसं, ढेकळांवर दोन उड्या मारून थांबलं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. चालत गेलात, विमान उचललंत आणि म्हणालात, "आज वारा बरा व्हता."

त्यानंतर ते कोलांट्या मारायला लागलं, उताणं उडायला लागलं. उताणं झालं की वरचं खाली होतं, तेही मीच ओरडून सांगायची. माझा घसा बसायचा आणि तुमचं नाव अक्कलकुव्यापर्यंत गेलं. पेटी तुम्ही एकदाही माझ्या हातात दिली नाहीत. मागितली तेव्हा म्हणालात, "पोरीना हातमा वीज उतरस." मुलींच्या हातात वीज उतरते! विमानतळावर पाने पुसताना हे शास्त्र कुठून मिळालं कोण जाणे.

मला तेव्हा पेटीपेक्षा ती पुस्तिका हवी होती. चित्रं मला कळायची, पण चित्राखाली काय लिहिलं आहे ते तुम्ही अर्धं वाचायचात आणि उरलेलं रचून सांगायचात, हे मी ओळखलं होतं. मला ते स्वतः वाचायचं होतं. भाऊ शाळेत जात होते, मी शेण काढत होते. मग तालुक्याहून मामलेदार तुमचं विमान बघायला येणार असं ठरलं, आणि त्यांच्याबरोबर कन्याशाळेच्या मोठ्या बाई. त्यांच्या शाळेला वसतिगृह होतं. मला तिथं घाला म्हणून मी आठ दिवस तुमच्या मागे लागले. शेवटी तुम्ही म्हणालात, "इमान धडधाकट उतरनं, तर मी सोता बाईसंगे बोलसू." मायला साक्षीला ठेवलं मी. तुमच्या शब्दाला साक्षीदार लागायचा.

पण पाहुण्यांसमोर 'धुवना' असं ओरडलेलं कसं चालेल? तुम्हाला लाज. मग तुम्ही मला विमानतळावरचे शब्द शिकवलेत. अंगणात पुढे तुम्ही, मागे मी, पाय आपटत. लेफ्ट, राइट, लेफ्ट, राइट. शेणाच्या हातांनी माय दारात उभी राहून हसते आहे, कोंबड्या पळताहेत, आणि तुम्ही छाती काढून चालला आहात. धुवायचा तो लेफ्ट, जेवायचा तो राइट. मला दुसऱ्या फेरीलाच आलं. तुम्ही चार दिवस चालवलंत. तुम्हाला चालायला आवडत होतं.

कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून रान मोकळं झालेलं. लिंबाखाली खुर्च्या मांडल्या आहेत. मोठ्या बाई पांढऱ्या लुगड्यात, पायांत काळी चप्पल. त्यांनी वाकून पंखाला हात लावला आणि विचारलं, "हे कापड किती सुंदर ताणलंय. कुणाचं काम?"

"सुरतेचा कारागीर आहे," तुम्ही म्हणालात. पाहुण्यांपुढे तुमचं शाळेतलं मराठी बाहेर यायचं.

ते मी गिळलं. त्याची सवय होती. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. "ही तुमची मुलगी ना? कितवीत आहेस गं?"

मी तुमच्याकडे बघितलं, आबा. बाईंनी स्वतःच दार उघडलं होतं. तुम्ही फक्त हो म्हणायचं होतं. तुम्ही हसलात. "हिला कसली कितवी! पोपटासारखे दोन शब्द पढवलेत, लेफ्ट आणि राइट. त्याच्यापुढं हिच्या डोक्यात काही शिरत नाही."

मामलेदार हसले. खुर्च्या हसल्या. बाई म्हणाल्या, "डोळ्यांवरून तर हुशार वाटते." आणि तुम्ही म्हणालात, "वाटते!" आणि पुन्हा हसलात.

विमान वर गेलं. मी ओरडत होते, तुम्ही दाबत होतात. दोन कोलांट्या, एक उताणी फेरी. लोक टाळ्या वाजवत होते, तुमची मान माझ्यासमोर ताठ होत चालली होती. मग उतरायची वेळ. ते सरळ आपल्याकडे तोंड करून आलं, केळीचा डाग मला दिसला इतकं जवळ, आणि आपल्या डाव्या बाजूचा पंख झुकला. लेफ्ट म्हणायचं होतं. मी मोठ्यानं, स्वच्छ ओरडले, "राइट!" तुम्ही दाबलात. तुमच्या बैलवाल्या हातालाही तेच हवं होतं. पंख जमिनीला लागला आणि सगळं धूड गरगरत ढेकळांत गेलं. इंजिन एकीकडे, शेपूट एकीकडे, मी ताणलेलं रेशीम पऱ्हाटीच्या खुंटांवर.

"पोरीची चूक," तुम्ही वळून पाहुण्यांना म्हणालात. "लेफ्टच्या जागी राइट म्हणाली. सांगितलं ना, शिरत नाही." बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या जीपमध्ये जाऊन बसल्या. शाळेचा विषय पुन्हा निघाला नाही. जिला लेफ्ट-राइट कळत नाही ती शाळेत काय दिवे लावणार? माझ्या लग्नात तुम्ही हीच गोष्ट व्याह्यांना सांगितलीत, बारशाला सांगितलीत, माझ्या पोरांना मांडीवर घेऊन सांगितलीत. दर वेळी विमान एक हात मोठं व्हायचं. मी पदराआड हसायची. सगळ्यांना वाटायचं मी लाजते आहे.

विमान नीट उतरलं असतं तर तुम्ही बाईंशी बोलला असता का, हे मला कधीच कळणार नाही. बहुतेक नसतात बोलला. मी तुम्हाला ओळखत होते. पण 'बहुतेक' म्हणजे पक्कं नव्हे, आणि तो शब्द मी साठ वर्षं जवळ बाळगून आहे. तुमच्यावर हसायला मला तो फार उपयोगी पडला. स्वतःवर हसायची वेळ आली की तो उपयोगी पडत नाही.

एक गोष्ट तुम्ही कुणालाच सांगितली नाहीत. जीप गेल्यावर आपण दोघंच रानात तुकडे वेचत होतो. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही माझ्या ओच्यात फासळ्या टाकत होतात. मान वर न करता तुम्ही म्हणालात, "तुनी चूक नही व. मीच तुले उलटं शिकाडं व्हई." एवढंच. तुमच्या सबंध आयुष्यात स्वतःकडे घेतलेली ती एकच चूक असेल, आणि तीही तुमची नव्हती. ओचा भरला तशी घराकडे चालायला लागले. पुढे वीस वर्षं माहेरी येत राहिले, तुमच्या शेजारी बसून भुईमूग फोडले, आणि दर वेळी उद्या सांगू म्हणून उठले.

नात विचारते आहे, पाकीट आणू का. नको म्हटलं. हे कुठे पाठवायचं नाही. तिनं हात थांबवलाय आणि माझ्याकडे बघते आहे, पण मी तिला म्हटलं, लिही, शेवटचं लिही आणि जसं बोलते तसंच लिही, सुधारू नको.

तुम्ही उलटं शिकाडं नव्हतं, आबा. माले दोन्ही शब्द नीट येत व्हतात.