माझ्या कागदावर विशेष काही नाही

रविवार, ९ फेब्रुवारी
खोलीवरून, दुपारी

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र उघडलंस याबद्दल आधी आभार. पाकिटावरचं अक्षर बघून तू ते शिलाईमशीनच्या खणात सारून देशील, अशी निम्मी शक्यता मी धरलीच होती. भावजी, तुम्ही उघडलं असेल तर कृपा करून इथेच थांबा आणि तिच्या हातात द्या.

मी ठीक आहे. खोलीतला जोडीदार तापानं घरी गेलाय, त्यामुळे दोन्ही टेबलं मीच पसरून ठेवलीत. आई म्हणाली, तुझी पाठ पुन्हा दुखतेय. मशीनवर वाकून बसणं कमी कर, असं लिहिणार होतो, पण सध्या मला कोणालाही उपदेश करायची भीती वाटते. का, ते पुढे येईल. पुढे म्हणजे कुठे, हे मलाही माहीत नाही, कारण तीन कागद फाडून हा चौथा घेतलाय आणि यातही मी अजून तुझ्या पाठीवरच आहे.

आधी शुक्रवारचं सांगतो, म्हणजे बाकीचं समजेल.

शुक्रवारी आम्हा शेवटच्या वर्षाच्या मुलांना नर्सिंग कॉलेजात पाठवलं होतं. निरनिराळ्या कामाच्या माणसांनी एकत्र काम कसं करायचं, ते हातानं करून शिकायचा दिवस. डॉक्टर होणारे, नर्स होणारे, व्यायामोपचार शिकणारे, बोलण्यातले दोष सुधारणारे आणि आम्ही होऊ घातलेले मास्तर, अशी सगळ्यांची मोट बांधून पाच-पाच जणांचे गट केले. खडू-फळ्याच्या माणसाचं इथे काय काम, हा प्रश्न मला दारातच पडला. ओळखीसाठी प्रत्येकाच्या गळ्यात रंगीत पट्टी होती. मी अर्धा तास निळ्या पट्टीवाल्याला 'डॉक्टर, डॉक्टर' करत होतो. तो नर्सिंगचा निघाला. मला दुरुस्त का केलं नाही असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "तुम्ही इतक्या आदरानं बोलत होतात, मोडवेना."

हॉलमध्ये शाळेतली आजारी मुलांची खोली उभी केली होती. लोखंडी खाट, हिरवा पडदा, भिंतीवर उंचीचा तक्ता. खाटेवर आठ वर्षांच्या मुलाएवढा रबरी पुतळा. त्याची छाती वर-खाली होते, मनगटाला नाडी लागते, पापण्यासुद्धा मिटतात. नर्सिंगची मुलं त्याला 'धाकटे साहेब' म्हणतात. माझा धक्का लागला तेव्हा मी साहेबांना 'सॉरी' म्हणालो. सगळे हसले, मीही हसलो, पण खरं सांगायचं तर मला तो त्या क्षणी पुतळा वाटला नव्हता.

हे सगळं चालवणाऱ्या बाईंना तिथे मोठ्या सिस्टर म्हणतात. तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढून आता शिकवतात. त्यांनी प्रत्येकाला एक बंद पाकीट दिलं. मुलगा शाळेच्या जिन्यावरून पडलाय, कपाळाला खोक आहे. पाकिटातल्या कागदावर त्या मुलाबद्दल फक्त तुम्हालाच ठाऊक असलेली गोष्ट. कागद दाखवायचा नाही, तोंडानं सांगायचं. वीस मिनिटांत ठरवायचं, मुलाला घरी पाठवायचं की मोठ्या दवाखान्यात.

त्या वीस मिनिटांत आम्ही जी शोभा केली ती तू बघायला हवी होतीस. पाचही जण 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत खाटेभोवती फिरत होतो. मग डॉक्टर होणाऱ्या मुलानं टॉर्च काढला आणि तो भराभर असं काही बोलायला लागला की बाकीचे आपोआप गप्प बसले. निळ्या पट्टीवाल्यानं खोक पुसली, नाडी मोजली. व्यायामोपचारवाल्या मुलीनं साहेबांचे गुडघे वाकवून बघितले. मुलाची आई म्हणून ग्रंथपालबाईंना बसवलं होतं, त्या तोंडाला पदर लावून हुबेहूब रडत होत्या. मी कुठे उभं राहायचं ते न कळून पडद्यात गुंतलो होतो. शेवटी डॉक्टरमुलानं विचारलं, "आणखी कोणाकडे काही? सर, तुमच्याकडे?"

माझा कागद मी वाचून, घडी करून खिशात ठेवला होता. मी म्हणालो, "माझ्या कागदावर विशेष काही नाही."

पाय घसरला असणार, खोक वरवरची आहे, घरी पाठवा, असं ठरलं. ग्रंथपालबाईंनी साहेबांना चादरीसकट कडेवर घेतलं आणि दाराबाहेर गेल्या. आम्ही एकमेकांचे हात हातात घेतले. काम वेळेत झालं होतं.

मग मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आता कागद मोठ्यानं वाचा."

(इथे मी उठलो होतो. गॅलरीत जाऊन आलो. वाळत घातलेले कपडे काढले, पुन्हा घातले, कारण ते ओलेच होते.)

निळ्या पट्टीवाल्याच्या कागदावर होतं, की मुलाला पाणी पाजताना तो मध्येच थांबला, पापण्या फडफडल्या, पाणी हनुवटीवरून ओघळलं. वाचा सुधारणाऱ्या मुलीच्या कागदावर, की तो वाक्य अर्ध्यात सोडतो आणि थोड्या वेळानं भलतीकडूनच सुरू करतो. गुडघेवालीच्या कागदावर, की त्याच्या पायांत आणि तोलात काहीही दोष नाही. डॉक्टरमुलाच्या कागदावर, की हे या महिन्यातलं तिसरं पडणं. आणि माझ्या कागदावर होतं: 'मुलगा वर्गात अधूनमधून शून्यात बघतो. हाक मारली तरी ओ देत नाही. मग काही झालंच नाही अशा रीतीने पुढे लिहू लागतो.'

मोठ्या सिस्टर आवाज न चढवता म्हणाल्या, "पाच जणांना माहीत होतं, आणि पोरगं घरी गेलं."

नंतर त्यांनी सांगितलं, की काही मुलांना असे काही सेकंदांचे झटके येतात. हातपाय वाकडे होत नाहीत, फेस येत नाही. मूल नुसतं थांबतं आणि परत येतं. त्याला स्वतःला पत्ता नसतो. घरचे म्हणतात तंद्री लागली, मास्तर म्हणतात लक्ष नाही. तपासलं तर कळतं, बहुतेकदा औषधानं आवरतंही. नाही कळलं तर जिना, रस्ता, पाणी, कुठेही ते काही सेकंद गाठू शकतात.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू का नाही बोललास?"

"मला वाटलं, हे लक्ष न देणं आहे. म्हणजे माझ्या कामातलं. दवाखान्याचं नाही."

"ते काय आहे हे ठरवायला तुला कोणी सांगितलं होतं? तुला दिसलं तेवढं सांगायचं होतं."

मी बाहेर जाऊन पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी बसलो. गटातल्या मुलांना वाटलं, मास्तर मनाला लावून घेतात. माझ्या डोळ्यांपुढे धाकटे साहेब नव्हते, ताई. भुंगा होता.

आता हे लिहिलंच आहे तर सगळं लिहितो.

नोव्हेंबरात मी बारा दिवस तुझ्याकडे होतो. तू म्हणालीस, जरा भाच्याची गणितं घे. रोज सकाळी दोन तास स्वयंपाकघराच्या टेबलाशी आम्ही बसायचो. गणित करताना त्याची ती गुणगुण चालायची, ज्यामुळे आपण त्याला भुंगा म्हणतो. ती गुणगुण मध्येच तुटायची. पेन्सिल जागच्या जागी. डोळे माझ्यावर, पण माझ्याकडे नाहीत. पापण्या जराशा फडफडायच्या. मी हाक मारायचो, ओ नाही. आणि मग गुणगुण जिथे तुटली होती तिथून पुन्हा सुरू.

तुला वाटेल, एवढ्या दिवसांनी याला हे इतकं बारीक कसं आठवतं. आठवत नाही. माझ्याकडे लिहिलेलं आहे.

कॉलेजला एका मुलाची निरीक्षण-वही द्यायची होती. दहा दिवस, रोज दोन तास, वेळेसकट नोंदी. अट एकच, मूल नात्यातलं नको, कारण नात्यात डोळा स्वच्छ राहत नाही म्हणे. मला दुसरं मूल शोधायचा कंटाळा आला होता. घरात आयतंच होतं. मी तुला विचारलं नाही, भावजींना सांगितलं नाही. गणिताच्या वहीखाली दुसरी वही ठेवून लिहीत गेलो. पहिल्या पानावर रकाना होता, 'बालकाशी नाते'. मी लिहिलं, 'नाही'.

सहाव्या दिवशी मी त्याला फ्रिजशेजारी भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, ते तू बघितलंस. का केलं ते तुला माहीत नाही. मी तीनदा हाक मारली, त्यानं ओ दिली नाही. मी रागावलो तर मान वर करून म्हणाला, "मामा, तू हाक मारलीच नाहीस." मला ती शुद्ध लबाडी वाटली. मी त्याला ओ न देण्याबद्दल नाही, खोटं बोलण्याबद्दल उभं केलं. अर्धा तास. तो रडलासुद्धा नाही, नुसता गोंधळून भिंतीकडे बघत होता. तो तसा का बघत होता, हे मला परवा कळलं.

आणि निघायच्या दिवशी तू विचारलंस, "काय रे, कसा वाटतो अभ्यासात?" मी काय म्हणालो ते तुझ्या लक्षात असणारच. "विशेष काही नाही. लाडावलाय. तुझ्या लाडानं ऐकेनासा झालाय." त्यावर तू म्हणालीस, "तू मास्तर झालास, आता मामा राहिला नाहीस." तेव्हापासून तू माझा फोन घेत नाहीस. आईला मी सांगत आलो, की ताई उगाच टोकाला गेली.

वहीला वीसपैकी अठरा मिळाले. सरांनी लाल शाईनं लिहिलंय, 'सूक्ष्म निरीक्षण.' त्याच्या अशा थांबण्याची माझी दहा दिवसांतली नोंद आहे, एकोणचाळीस वेळा. एकोणचाळीस वेळा मी बघितलं आणि एकदाही तुला सांगितलं नाही. का? सांगितलं असतं तर वही उघडी पडली असती, हे एक. पण तेवढंच असतं तर बरं झालं असतं. मला खरंच वाटत होतं, की मला कळलंय. मी उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं आणि रोज त्याच्या खाली नोंदी भरत होतो. ताई, मी दोन दिवस हे उलटसुलट करतोय आणि मी लबाड होतो की नुसता मूर्ख, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही असेन.

आताही मी पुन्हा तेच तर करत नाही ना, अशी शंका येते. शुक्रवारच्या एका दिवसाच्या शिकण्यावरून तुझ्या मुलाला आजार चिकटवणारा मी कोण? कदाचित त्याला खरोखर नुसती तंद्री लागत असेल. कदाचित माझ्या शिकवण्याचा कंटाळा येत असेल, तो तर मलाही येतो. काल मी मोठ्या सिस्टरांकडे परत गेलो आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सगळी पानं वाचली. मी विचारलं, "हे तेच आहे का?" म्हणाल्या, "मला माहीत नाही. तुलाही नाही. मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ही पानं बरोबर न्या. त्यांना असं लिहिलेलं सहसा मिळत नाही." मग वही मिटून म्हणाल्या, "त्याच्या आईला कधी सांगणार आहेस?"

घरच्या ग्रुपवर भावजींनी भुंग्याचा पोहण्याचा चष्मा घातलेला फोटो टाकलाय. येत्या शनिवारपासून वर्ग. तो फोटो मी किती वेळा बघितला, मोजलं नाही.

पत्राची वाट बघत बसण्याची ही गोष्ट नाही, म्हणून आज सकाळी भावजींना फोन केला. त्यांना सांगितलं, डॉक्टरांनी बघेपर्यंत त्याला पाण्यात सोडू नका, रस्त्यावर सायकल देऊ नका, आंघोळीला दाराची कडी लावू देऊ नका, आणि डॉक्टरांची वेळ उद्याच घ्या. ते म्हणाले, "हे तू तिलाच सांग." मी म्हणालो, ती फोन घेणार नाही, आणि घेतला तर मी अर्ध्यात गडबडेन. म्हणून हे पत्र. उद्या सकाळच्या टपालानं टाकतोय.

उद्याच सरांना वहीचं खरं सांगणार आहे. अठरा जातील. कदाचित वर्षही जाईल. ते मी तुला सहानुभूतीसाठी लिहीत नाही, पण लिहून झाल्यावर ते तसंच दिसतंय, तर ती ओळ नाही असं समज.

भुंग्याला एवढं सांग, की मामानं हाक मारली होती, पण त्याला ती ऐकू आली नव्हती, हेही खरं होतं. तो खोटं बोलला नव्हता. भिंतीकडे तोंड मी करायला हवं होतं.

सोबत वहीची सगळी पानं आहेत, डॉक्टरांसाठी. शेवटच्या पानावर माझा निष्कर्ष आहे: 'लक्ष वेधून घेण्याची सवय, खोटे बोलण्याकडे कल, कारण घरातील अति लाड.' ते पान काढून टाकायचा मोह झाला होता. काढलं नाही. तू ते वाच, आणि मग माझ्याशी बोलायचं की नाही ते ठरव. पानांत मी फक्त एका ठिकाणी खाडाखोड केली आहे. पहिल्या पानावर, नात्याच्या रकान्यात. 'नाही' खोडून त्याच्यापुढे आता जे लिहिलंय, तेच इथे खाली सहीला लिहितो. तुला ते चालणार नसेल तर तिथेही खोड आणि इथेही.

तुझा धाकटा भाऊ,
भुंग्याचा मामा