डोकं हललं म्हणून बाद

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच घातला आहे, आठही अंगं एकदम टेकतील एवढी मोकळी फरशी माझ्या खोलीत नाही). तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचं घोरणं कमी झालं, की तुलाच सवय झाली? इकडे मी मजेत आहे.

मी नेमकं करतो काय, असं तू दर वेळी विचारतेस. तर आमच्याकडे एक भलं मोठं नळकांडं आहे. त्यात माणसाला आडवं सरकवून मेंदूचे फोटो काढतात, त्याची थुंकी घेऊन जनुकं तपासतात, आणि मग मेंदूचा अमुक भाग जाड असण्याशी तमुक जनुकाचा खरंच संबंध आहे की नुसता योगायोग, हे मी गणितानं ठरवतो. (बहुतेकदा योगायोगच निघतो. तसं सांगितलं की सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू तो मीच घडवून आणलाय.) माणसं येतात आणि जातात, माझ्यापर्यंत फक्त त्यांचे आकडे पोचतात. शेजारच्या टेबलावरचा माणूस कानात बोळे घालून बसतो आणि काही सांगायचं झालं तर मला ईमेल करतो. हात लांब केला तर माझा हात त्याच्या खांद्याला लागेल.

गेल्या आठवड्यात तपासणीला येणार असलेला एक धडधाकट माणूस (तुलनेसाठी तसेही लागतात) ऐनवेळी आलाच नाही. बाईसाहेबांनी (म्हणजे आमच्या प्रमुख) दारातून डोकावून सगळीकडे नजर फिरवली आणि नाइलाजानं माझ्यावर थांबवली. "तुम्ही चालाल," म्हणाल्या. किल्ल्या, चष्मा, पट्टा सगळं काढून ठेवलं (पट्टा काढल्यावर पँटीनं काय केलं ते दाजींना सांगू नकोस), डोक्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं आणि मी आत सरकलो. नियम एकच, डोकं जराही हलवायचं नाही. ज्याचं हलेल त्याचा फोटो आपोआप बाद करणारा प्रोग्रॅम मीच लिहिलाय, आणि अशा लोकांना मी चहाच्या वेळी 'चुळबुळे' म्हणून हसतोही.

यंत्रानं खूप ठोकाठोकी केली आणि मध्येच ते गप्प झालं. मशीन चालवणाऱ्या बाईंचा आवाज हेडफोनमधून आला, "ठीक आहात ना?"

ताई, यावर नुसतं 'हो' म्हणायचं असतं. मी म्हणालो, "तसा ठीकच आहे, पण..." आणि सुटलोच. खोलीतला गळका नळ, एकट्यापुरता केला तरी उरणारा स्वयंपाक, ढकलूनही न सरकणारा रविवार, तू फोन ठेवल्यावरही मी तो कानाला लावून बसतो ते, सगळं सांगितलं. यंत्र पुन्हा सुरू झालं तरी मी बोलतच होतो. माझं मलाच ऐकू येत नव्हतं, तरी थांबवेना.

बाहेर येतो तो माझ्याच प्रोग्रॅमनं मला बाद केलेलं. बाईसाहेब बघतच राहिल्या. "एवढं कसं हललं?"

मी तोंड उघडायच्या आत मशीनवाल्या बाई म्हणाल्या, "शिंका आल्या त्यांना."

"इतका वेळ?"

"सर्दी जोरात आहे."

मी पट्टा घालत होतो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "उद्या परत घेऊ. जरा लवकर या. आधी बोलून घ्या, मग आत जा."

दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं (मध्ये एकदा जांभई दिली, पण तोंडावर हात ठेवून). मग मी नळकांड्यात चक्क झोपलो. फोटो उत्तम आला. चारचौघांसारखाच मेंदू आहे. कुठे काय दुखतं ते त्यात दिसत नाही. मी बराच वेळ शोधलं.

बाकी ठीक. लोभ आहेच, आणखी पाठवलास तर ठेवायला जागा आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य काम राहिलंच. माझी तपासणी झाली म्हणजे आता सख्ख्या भावंडाचीही लागणार. भावंडांचे मेंदू ताडून बघायचा एक अभ्यास आहे. तेव्हा तुला इथे यावं लागेल, निदान पंधरा दिवस तरी. विज्ञानाचं काम आहे, दाजींना नाही म्हणता येणार नाही.

आणखी ता. क. हे पान दाजींना दाखवू नकोस. तो अभ्यास कधीचाच बंद झाला. तुझी थुंकी इथे कोणालाही नको आहे. पण तू ये.