साल : आहे

प्रिय ठमे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, तेव्हा ते धरू नकोस. आईच्या हातची ती शेवटची आलुबुखाराच्या जॅमची बाटली तुला प्रयोगशाळेसाठी हवी, सील न तोडता, आणि ती कुठल्या सालची तेही हवं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी तुम्ही काचेच्या बशीत वाढवता, त्यांचा छळ मांडता, आणि सालीसकट शिजवलेल्या आलुबुखारातलं काहीतरी घातलं की त्यातल्या बऱ्याच तगतात, हे समजलं. बाटलीत वर्षानुवर्षं राहूनही ते टिकतं का, हे बघायचंय, हेही समजलं. बशीतलं माणसात उतरेलच असं नाही, तेव्हा बाबा, गोळ्या सोडू नका, हे तर तू दोनदा लिहिलंस. घेतोय गं बाई. जॅम डॉक्टरांनी कधीचाच बंद केलाय.

साल म्हटलं की मला अजून हसू फुटतं. तुझी आई कारखान्यात लागली तेव्हा मी जॅम विभागाचा सुपरवायझर. तिला लेबलांच्या टेबलावर बसवलं. लेबलावर ‘साल’ असं छापलेलं आणि पुढे रिकामी जागा. बाईसाहेबांनी संध्याकाळपर्यंत दोनशे बाटल्यांवर सुबक अक्षरात लिहून ठेवलं, ‘काढली’. मी तावातावाने गेलो. तिचं म्हणणं, तुम्ही साल काढूनच शिजवता ना, मग मी खोटं काय लिहिलं? पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

मग ती शिजवण्याकडे आली आणि आमचं बिनसायला लागलं. मला जॅम काचेसारखा नितळ हवा; साल टाकताना तिचा जीव तुटायचा. रंग सालीत, वास सालीत, मग तीच उकिरड्यावर का, असं म्हणायची. एकदा तिने मला न विचारता अख्खी कढई सालीसकट शिजवली. मी ती सगळ्या बायकांसमोर मोरीत ओतायला लावली. तिलाच. तिने ओतली. झारा धुतला, जागेवर टांगला, आणि त्यानंतर घरीसुद्धा कधी जॅम केला नाही. तू हट्ट करायचीस, आणि आईला कंटाळा आलाय असं सांगून मी वेळ मारून न्यायचो. चूक माझी होती, ठमे. तिला हे कधी म्हणालो नाही.

ही बाटली तिने आजारपणात केली, ओट्याशी स्टूल ओढून, मला बाहेर पिटाळून. लेबल कारखान्याचंच, जुन्या गठ्ठ्यातलं. त्यावर तिने लिहिलंय, ‘साल : आहे’. जेवणाच्या टेबलावर माझ्या पुढ्यात ठेवली. मी लेबल वाचलं आणि बाटली कपाटात सरकवली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. महिन्याभरात ती गेली, आणि मग उघडायचा धीर झाला नाही.

रविवारी ये आणि घेऊन जा. वहीत सालापुढे ‘तिचं शेवटचं’ असं लिही. पेशींना लागेल तेवढं वापरा, पण दोन चमचे उरव आणि तू स्वतः घेऊन ये. एवढं मागायलाच हे पत्र लिहायला बसलो. बिघडला असेल तर नुसता वास घेईन. डॉक्टरांना मी सांभाळतो. तीस वर्षं जॅम विभाग चालवला मी, आणि तुझ्या आईचा जॅम कसा लागतो ते मला माहीत नाही.

तुझाच,
आडमुठा बाबा