धवल्यांचं कुलूप

ठाणे, चेंदणी कोळीवाडा
दिवाळीचा पाडवा, १९९९

प्रिय राघो,

हे ‘प्रिय’ तुळसाने आपल्या मनाने घातलंय. मी तिला सांगितलं होतं, ‘अरे विसरभोळ्या’ अशी सुरुवात कर. पण तुझी बहीण शिकलेली, ती मला पत्राच्या रीती शिकवते. तर विसरभोळ्या, तुझी आजी मनुबाई अजून जिवंत आहे. तिला गुडघे दोनच आहेत, दुखणी मात्र चार. तू जन्मलास त्याच घरात ती राहते, पत्ता आठवत नसेल म्हणून सांगितलं. शाळेत जाताना तू दप्तर विसरायचास आणि मी ओल्या हातांनी मासळीची पाटी खाली ठेवून ते पोचवायला यायचे. आता तू घरच विसरलास. ते एवढ्या लांब बंगलोरला कसं पोचवू?

आधी चांगली बातमी. तुळसाचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न लागलं की लगेच तिचं. पोरगा शहाडचा, आपल्यातलाच, नदीकाठचं घर, रेल्वेत नोकरी. सासू चहात साखर जास्त घालते, म्हणजे स्वभावाने वाईट नसावी. हे लिहिताना तुळसा खाली मान घालून हसतेय, ते तिने लिहिलं नसतं म्हणून मी मुद्दाम लिहायला लावलं.

आता काळजीची गोष्ट. ती तुझ्या त्या पेटीची आहे. माळ्यावर मोठीआयच्या खोलीत तू बसवलेली, पंख्यासारखी घुं घुं करणारी ती जुनी कॉम्प्युटरची पेटी. त्या वर्षी तू हट्टाला पेटलास की लग्नात गायचे मोठीआयचे सगळे धवले त्यात भरून ठेवायचे. माझी थोरली जाऊ शेवंती, तुम्हा पोरांची मोठीआय, साऱ्या खाडीत नावाजलेली धवलारीण. तिने धवला म्हटल्याशिवाय इथे कुणाच्या अंगाला हळद लागली नाही, भटजीसुद्धा तिचं संपेपर्यंत थांबायचे. तिला मशिनीपुढे गायला लाज वाटायची. म्हणायची, समोर नवरी नाही, मांडव नाही, हळद कुणाला लावू? मग तू तुळसाला पाटावर बसवलंस आणि ती गायला लागली. आठवतं? मी मागे होते. ती पुढचं म्हणायची, मी मागचं झेलायचे. जन्मभर तेच केलं. आणि माळ्यावरून खाली बापाच्या ऑफिसातल्या मशिनीपर्यंत वायर सोडलीस, म्हणजे खाली मासळीचा हिशोब चालताना बटण दाबलं की वरची मोठीआय गायची. गिऱ्हाईक दचकायचं, मला मोठी मजा वाटायची.

आणि तिथेच आमचं चुकलं बघ. पेटीत आहे म्हटल्यावर आम्ही निर्धास्त झालो. आमच्या मागच्या पिढीच्या बाया रोज जात्यावर बसून धवले घोटायच्या, कारण ठेवायला दुसरी जागाच नव्हती. मोठीआयकडे शिकायला आंबिवलीहून एक सून यायची, तीसुद्धा म्हणाली, मशिनीतून कधीही ऐकता येईल, आणि यायची थांबली. मोठीआय गेली. तू तिच्या बाराव्यापर्यंत राहिलास, मग नोकरीवर गेलास. गळ्यातलं आम्ही पेटीत ठेवलं आणि पेटीवर क्रोशाचा रुमाल घातला.

जाण्याआधी तू पेटीला कुलूप लावलंस, ते बरोबरच होतं. तुझ्या धाकट्या भावाने, कुंडलिकने, मोटारींचा खेळ भरायला जागा हवी म्हणून एक अख्खा धवला पुसला होता, आणि वर म्हणतो, गाणंच तर होतं. पण कुलपाचा शब्द तू आम्हाला सांगितला नाहीस, खालच्या मशिनीला तेवढा शिकवून ठेवलास. ती आपोआप दार उघडायची, म्हणून कुणी विचारलंही नाही. आता झालं काय, की दोन हजार साल लागताच सगळ्या जुन्या मशिनी बंद पडणार अशी हूल उठली. तुझ्या बापाने घाबरून खालची मशीन देऊन टाकली आणि नवी आणली. शब्द माहीत असलेला घरातला एकमेव जीव आम्ही भंगारात घातला, राघो. नवी मशीन चकचकीत आहे, पण वरच्या पेटीला ओळखतच नाही. नव्या सुनेने जुन्या सासूकडे पाहून ‘आपण कोण’ विचारावं, तसं.

खोपटचा एक मेकॅनिक आणला. त्याने पेटीला आपला पडदा जोडला, खाटखूट केली. म्हणाला, जीव आहे, पण शब्द मागतेय. चकतीवरून दुसऱ्या वाटेने आत शिरून बघतो म्हणाला, तर चकतीची फट उघडून त्याने डोक्याला हात लावला. दसऱ्याला तुझ्या आईने पेटीची पूजा केली होती. देवाला वाहतात तशा मनोभावे, हळदीकुंकू आणि अक्षता थेट त्या फटीत. आत तांदूळ असे घट्ट बसलेत की एखाद्या पावसात उगवतील. मग तो म्हणाला, सगळं पुसून नव्यासारखी करून देऊ का? मी पेटीपुढे फतकल मारून बसले. त्याला म्हटलं, बाबा, चहा घे आणि जा.

तेव्हापासून घरातलं प्रत्येक माणूस शब्द शोधतंय. तुळसाने देवीचं नाव घालून पाहिलं, कुलदैवताचं, गावाचं, तुझ्या शाळेचं. तुझ्या आईने तुझं पाळण्यातलं नाव सांगितलं. कुंडलिकने नटीचं नाव घातलं, त्याला बाहेर काढला. मी आपल्या जुन्या होडीचं नाव सांगितलं. मला वाटलं होतं तेच असणार, तुझा तिच्यावर फार जीव. पेटी ढिम्म. आणि आता ती मधूनच कर्र कर्र करते, कवड्या हलवल्यासारखी. मेकॅनिक म्हणतो, फार दिवस काढणार नाही.

तू म्हणशील, आजी, तू आहेस की. तेच तर दुखणं आहे. मला मागचं येतं. पुढचं येत नाही. सकाळी चुलीपुढे बसून आठवायला जाते आणि ओळीची शेपटी हातात येते, डोकं निसटतं. इतकी वर्षं मी दुसरीच्या आवाजाची वाट बघून तोंड उघडलं, आता आवाज आला नाही की माझंही तोंड उघडत नाही. शहाडवाल्यांची धवलारीण येईल, ती त्यांच्या बाजूचं म्हणेल, आणि आपल्या बाजूने बाया नुसत्या बसतील, तोंडाला पदर लावून. तुझा बाप काळुराम म्हणाला, बाहेरून एखादी बोलावू. कशी बोलावू? दुसरीला आपल्या घरची नावं कुठे ठाऊक? मोठीआयच्या धवल्यात आपले गेलेले सगळे नावाने येतात. दाजी येतो, नाथा येतो, खाडीत गेलेला तुझा आजा येतो. त्यांना हाक मारून मांडवात बसवतात, मग घरातल्या एकेका बाईचं नाव घेऊन तिला हळद लावायला उठवतात. ज्याचं नाव घेतलं नाही, त्याला आमंत्रण नाही. असा तो हिशोब आहे.

आता पुढचं लिहायला तुळसा कचरतेय. लिही बाई, मी सांगते ना.

चैत्रात तुझा फोन आला तेव्हा मी इथेच जवळा निवडत बसले होते. तू कोर्टात लग्न केल्याचं बापाला सांगितलंस, आणि मुलीचं नाव सांगायला तोंड उघडलंस तेवढ्यात त्याने फोन ठेवला. मग घरात म्हणाला, त्या मुलीचा विषय इथे निघायचा नाही. आणि निघाला नाही. तुझ्या आईने एकदा सुरुवात केली, तर तो ताटावरून उठला. तूही मग पुन्हा फोन केला नाहीस. मानी बापाला मानी पोर, आणि मधे बायका मीठ चाखत बसल्यात.

पण गेल्या आठवड्यात मी माळ्यावर गेले, गुडघ्यांना शिव्या देत. बघते तर काळुराम पेटीपुढे बसलेला, एकेका बोटाने अक्षरं शोधत. माझ्या चुलत्यांपासून त्याच्या मेलेल्या कुत्र्यापर्यंत सगळी नावं घालून झाली होती. त्याने मागे वळून पाहिलं नाही. पडद्याकडे बघतच म्हणाला, “आये, त्या मुलीचं नाव काय?”

आणि राघो, घरातल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. सगळ्या जगाची नावं घालून पाहिली आम्ही. तेवढं एक नव्हतं आमच्याकडे.

मी अक्षर शिकले नाही, पण पोराने पेटीला कुणाचं नाव द्यावं एवढं मला कळतं. तू कुलूप लावलंस त्या दिवसांत खिडकीत बसून उगाच हसायचास. तेच नाव असेल तर पेटी उघडेल, मोठीआय गाईल आणि मी मागचं झेलीन. नसेल तर नसेल, मी माझ्या मोडक्या शेपट्या जोडून म्हणेन, लोक हसले तर हसू देत. पण हे पत्र कुलपासाठी नाही रे. पेटी मेली तरी मला ते नाव हवंय. हळदीच्या दिवशी घरातल्या बायांची नावं घेताना काळुरामच्या सुनेपाशी आले की मी काय म्हणू? तिथे गप्प बसले तर ती बिनआमंत्रणाची राहील, आणि गेलेले सगळे विचारतील की ही कोण. बापाला मी विचारलेलं नाही. पण परवा त्याने मांडववाल्याला सांगताना पाहुण्यांत दोन माणसं जास्त धरली, ते मी ऐकलं.

तेव्हा नाव लगेच कळव, तुळसाला वाचता येईल असं मोठ्या अक्षरात. आणि तुम्ही दोघं हळदीच्या आधी या. यायला जमणारच नसेल, तर तिच्या माहेरी सणाला जे गोड करतात ते तिच्या हातचं करून पाठव. हळदीला पहिला घास घरच्या सुनेच्या हातचा असतो. दुकानातलं नको, मला चव कळते. आणि कडक लाडू तर मुळीच नको, पुढचे दात गेलेत. नारळाचं काहीतरी मऊ असू दे.

तुझीच,
मनुआजी
(सहीच्या जागी अंगठा आहे, डाग समजून पुसू नकोस.)