सुगतची तहान

लातूर, ३ मार्च १९८६

ती. लिंबाजीदाजींस भुजंगचा सप्रेम जयभीम.

जिल्हा नवा झाल्यापासून इथं रोज एक कचेरी उघडते आणि प्रत्येकीला बोअर पाहिजे. दुष्काळात माझंच मशीन तेवढं पोटभर जेवून राहिलंय.

तुमचा सुगत कॉलेजला जातो, पण डोकं दुखतं म्हणतो, सकाळी ओकतो. रांजणावरचा तांब्याही दिवसभर वाजतो. माझे कान तिखट. काल मशीनचं वरचं टोक बघ म्हटलं, तर अख्खी मान मागं टाकली. डोळे वर गेलेच न्हाईत. डॉक्टरला दाखवतो. अक्काला एवढ्यात सांगू नका.

लोभ आटू देऊ नका. आटायला तलाव आहेत.
भुजंग

बिलोली, १० मार्च

चि. भुजंगास सप्रेम जयभीम.

वाचून वाचून मान अवघडली असेल. तहानेचे लाड मात्र नकोत. इथं टँकरवर माणसं भांडतात. दुसऱ्याच्या घरचं पाणी जपून प्यावं. दिवसाला दोनच तांबे, अशी माझी ताकीद त्याला सांग. तो शब्द मोडणार नाही. तुझ्या अक्काला काही सांगितलं नाही. तिनं माझं तोंड वाचलं.

लिंबाजी

मुंबई, ९ एप्रिल

ती. दाजींस जयभीम.

लातूरच्या डॉक्टरनं सुगतला इथल्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. मेंदूच्या मधोमध गाठ आहे. आईच्या पोटात असताना वाट चुकलेल्या बीजपेशींची, लई दुर्मीळ. डोळे त्यानंच अडले, तहानही त्यानंच. ही जात किरणांनी विरघळते म्हणतात. खात्री कुणी देईना.

घोर वेगळाच आहे. अंगातलं पाणी लघवीवाटे चाललंय आणि पोरगं पीत न्हाई. बाबांनी दोनच तांबे सांगितलेत, म्हणतो. सलाईनवर धरलाय, पण ग्लानी येते. डॉक्टर रागावले, मी हात जोडले. तुमच्या नावानं चिठ्ठी लिहिली, तर लेकानं अक्षर ओळखलं. माझा ड्रायव्हर बसवराज हे पत्र घेऊन निघालाय. त्याच्यासोबत अक्काला आणि तुमच्या हातचा कागद पाठवा.

तुमचा भुजंग

बिलोली, १० एप्रिल

चि. सुगत यास बाबांचा जयभीम.

अक्षर नीट बघ, माझंच आहे. पाणी पी. मामाचं, दवाखान्याचं, कुणाचंही. विचारू नकोस, मोजू नकोस. आपल्या आज्याला लोक पाणी वरून ओंजळीत वाढायचे, तेही मोजून. तसं तुला मी वाढायला नको होतं.

आज टँकर आला. तुझ्या वाट्याची घागर भरून झाकून ठेवली आहे.

तुझा बाबा

ता. क. पहिला तांब्या आईसमोर पी. ती मला येऊन सांगेल.